दोन वर्षांच्या मुलाचं स्पीच इव्हॅल्युएशन: करावं की थांबावं? आमचा अनुभव

सरळच सांगते, मूल दोन वर्षांचं होत आलंय, शब्द मोजकेच आहेत आणि तुमच्या मनात सारखी खुटखुट चालू आहे, तर स्पीच इव्हॅल्युएशन करून घ्या. थेरपी लागेल की नाही तो पुढचा प्रश्न. या दोन गोष्टींची लोक इतकी गल्लत करतात की तपासणीचं नाव काढलं तरी "आत्तापासून कशाला त्याच्या मागे थेरपी लावता" असं ऐकावं लागतं. इव्हॅल्युएशन म्हणजे एवढंच की या कामाचं शिक्षण घेतलेलं माणूस तास-दीड तास मुलासोबत बसतं आणि बघतं की त्याला किती कळतंय, तो काय सांगायला बघतोय, कसं सांगतोय, आणि कानाला नीट ऐकू येतंय का. त्यातून "सध्या काही करायची गरज नाही" असं उत्तरही येतं बऱ्याचदा, आणि खरं सांगू का, ते उत्तर मिळालं तरी जाणं वसूल आहे कारण मग घरातली रोजची चर्चा तरी थांबते.

आम्ही आधी एका ठिकाणी गेलो तिथे अनुभव अगदीच वाईट आला, नंतर दुसरीकडे गेलो ते फार आवडलं. नावं देत नाहीये, कारण तुमच्या जवळची ठिकाणं वेगळी असणार, पण चांगली तपासणी कशी असते हे एकदा कळलं की कुठेही गेलात तरी ओळखता येईल.

आधी जायचं ठरवलं कसं ते सांगते, कारण सगळ्यांचं घोडं तिथेच अडतं. सगळे शब्द मोजत बसतात. आम्हीही फ्रिजवर कागद लावून मोजत होतो. त्यात कुठला शब्द धरायचा यावरूनच घरात वाद, आजी म्हणायची तो सगळं बोलतो, मी म्हणायचे तो फक्त मागून म्हणतो. नंतर थेरपिस्टनी जे सांगितलं ते फार सोपं होतं. मुलाने स्वतःहून, दर वेळी त्याच गोष्टीसाठी, काहीतरी सांगायचं म्हणून काढलेला आवाज म्हणजे शब्द, उच्चार पूर्ण नसला तरी चालतो. म्हणजे कुत्रा दिसला की "भू भू" हा शब्द झाला, गाडीला नेहमी "दादी" म्हणत असेल तर तोही झाला, पण आपण "बोल बॉल, बोल बॉल" म्हणून पिच्छा पुरवल्यावर एकदा "बॉ" म्हटलं आणि परत कधीच नाही, तर तो नाही धरायचा. घरात दोन-तीन भाषा असतील तर सगळ्या भाषांतले शब्द मिळून मोजायचे. आणि दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं हे खरं नाही, कुणी घरातली एक भाषा बंद करा असं सांगितलं तर अजिबात ऐकू नका, आजी-आजोबा ज्या भाषेत मनापासून बोलतात ती तोडून मुलाला काहीही फायदा होत नाही.

वयाप्रमाणे काय यायला हवं याच्या याद्या सगळीकडे फिरत असतात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत म्हणून अजून गोंधळ. याचं एक कारण आहे. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये आपली माइलस्टोनची यादी बदलली. आधी यादीत साधारण निम्म्या मुलांना त्या वयात जे येतं ते असायचं, आता ७५ टक्के किंवा जास्त मुलांना जे येतं ते ठेवलंय. त्यामुळे पूर्वी ५० शब्द दोन वर्षांना म्हणायचे ते त्यांच्या यादीत ३० महिन्यांवर गेले. बऱ्याच स्पीच थेरपिस्टना हे पटलेलं नाही, ते अजूनही दोन वर्षांना ५० शब्द आणि दोन शब्द जोडून बोलणं असंच बघतात. पण या नव्या यादीचा अर्थ आईबापांनी नीट समजून घ्या, की तिथे लिहिलेलं आपल्या मुलाला येत नसेल तर तो बहुतेक मुलांच्या मागे आहे, म्हणजे ती यादी बघून "अजून वेळ आहे" म्हणायचं नाही, उलट विचारायला जायचं. १८ महिन्यांना आई-बाबा सोडून निदान तीन शब्द म्हणायचा प्रयत्न, दोन वर्षांना निदान दोन शब्द जोडून, "अजून दे", "बाबा गेले" असं काहीतरी. हे दोन टप्पे लक्षात ठेवले तरी पुरे.

पण शब्दांपेक्षा महत्त्वाचं जे कुणी सांगत नाही ते म्हणजे कळणं आणि खुणा. मूल बोलत नाही पण बोट दाखवतं, मान हलवून नाही म्हणतं, आकाशात विमान दिसलं की तुमच्याकडे बघतं आणि परत विमानाकडे बघतं, तुम्ही सांगितलेलं करतं, तर चित्र बरंच आशादायक असतं. बोट दाखवण्यातही दोन प्रकार आहेत. "मला ते दे" साठी साधारण १५ महिन्यांच्या आसपास आणि "बघ ना तिकडे काय आहे" साठी १८ महिन्यांच्या आसपास. दुसरा प्रकार जास्त बघतात कारण त्यात मागणी काहीच नसते, मुलाला फक्त तुमच्यासोबत बघायचं असतं. आमचा मागायला बोट दाखवायचा, पण नुसतं दाखवायला क्वचितच, जास्त करून माझा हात धरून ओढत न्यायचा. मला जायला लावलं ते या गोष्टीने, शब्दांच्या कागदाने नाही.

कळतं का हे घरी बघायची एक पद्धत सांगते. मूल खेळात असताना हात मांडीवर ठेवा, त्या वस्तूकडे बघू नका, बोट दाखवू नका, आणि साध्या आवाजात म्हणा "बूट आण". नेहमीच्या वेळी नाही हं, म्हणजे बाहेर जायच्या गडबडीत नाही, कारण तेव्हा सगळे तयार झालेले बघून तो तसाही बूट आणतोच. आपल्याला वाटतं की त्याला सगळं कळतं, पण पुष्कळदा मूल आपल्या नजरेवरून, हातावरून, वेळेवरून ओळखत असतं. याच्यात हुशारीच आहे त्याची, पण भाषा कळणं ही वेगळी गोष्ट आहे.

आता घरच्यांची वाक्यं. मुलगे उशिराच बोलतात: थोडा फरक असतो, पण दोन वर्षांना शब्दच नाहीत हे त्या फरकात बसत नाही. जिभेखालचा पडदा चिकटलाय म्हणून बोलत नाही: त्याने काही आवाजांचे उच्चार अडू शकतात, भाषा येणं अडत नाही. मोबाइलमुळे: स्क्रीन कमी करा हे बरोबरच, डब्ल्यूएचओ तर दोन वर्षांच्या आधी स्क्रीन नकोच म्हणतं, पण मोबाइल बंद करून सहा महिने वाट बघू हा प्लॅन मला अजिबात पटत नाही, मोबाइल बंद करा आणि अपॉइंटमेंट पण घ्या.

आणि सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य, "ह्याचे बाबा पण तीन वर्षांचे झाल्यावर बोलले, काही होत नाही". हे मी दुसऱ्या ठिकाणी सहज सांगितलं तर तिथल्या थेरपिस्टबाईंनी लिहिणं थांबवून वर बघितलं, आणि विचारलं बाबांना नंतर शाळेत वाचायला-लिहायला जड गेलं का, त्यांच्या भावंडांपैकी अजून कोणी उशिरा बोललं का, कोणी अडखळत बोलायचं का. कारण घरात कुणी उशिरा बोललेलं असणं हे तपासणी करायचं एक कारण धरतात, टाळायचं नाही. ज्या वाक्यावर आम्ही इतके महिने निर्धास्त होतो तेच त्यांच्या फॉर्मवर महत्त्वाच्या रकान्यात गेलं. हे प्रत्येक घराला कळायला हवं असं मला फार वाटतं.

तर पहिलं ठिकाण. टेबल-खुर्ची, मुलाला खुर्चीत बसवलं, समोर फ्लॅशकार्ड, "हे काय आहे? बोल. हे काय आहे?" अनोळखी खोली, अनोळखी माणूस, तो माझ्या कुशीत तोंड खुपसून बसला. दहा मिनिटांत उठले आणि म्हणाले याला आठवड्यातून तीन दिवस थेरपी लागेल, पॅकेज घेतलंत तर सोयीचं पडेल. कानाची टेस्ट झालीय का हे विचारलं नाही, घरी काय करतो विचारलं नाही, गरोदरपणाबद्दल-जन्माबद्दल काही नाही, लेखी रिपोर्ट मागितला तर तोंडीच सांगतो म्हणाले. असं कुठे झालं तर तिथून निघा. न बघता दिलेली थेरपी म्हणजे ताप न मोजता दिलेलं औषध आहे.

दुसऱ्या ठिकाणी फोनवरच पहिला प्रश्न आला की ऑडिओलॉजिस्टकडून कान तपासून आणलेत का, नसतील तर ते आधी करा, मग या. मी म्हटलं जन्मल्यावर टेस्ट पास झाली होती आणि दाराची बेल वाजली की तो पळत जातो. तर त्या म्हणाल्या जन्माच्या वेळची टेस्ट जन्माच्या वेळचं सांगते. नंतर सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साठू शकतं, तेव्हा दुखतच असं नाही, ताप नाही, काही नाही, मोठे आवाज ऐकू येतात आणि हळू बोललेले स, फ, थ असे आवाज निसटतात. मुलाला शब्द ऐकू येतो पण अर्धवट.

कानाची टेस्ट सोपी असते, घाबरू नका. टिंपॅनोमेट्री म्हणून एक असते त्यात कानात छोटीशी मऊ टीप लावून हवेचा दाब बदलतात आणि पडदा किती हलतो ते बघतात, दुखत नाही, मूल मांडीवर बसलेलं चालतं. स्क्रीनवर एक रेष येते, मध्ये उंचवटा असलेली यायला हवी. आमची दोन्ही कानांची रेष सपाट आली. म्हणजे पडद्यामागे पाणी. आता हे किती महिने होतं देव जाणे, सर्दी तर त्याला अधूनमधून असायचीच. ईएनटी डॉक्टरांनी सांगितलं की बऱ्याचदा हे आपोआप जातं म्हणून तीन महिने लक्ष ठेवायचं आणि परत टेस्ट, तेव्हाही तसंच असेल तर पुढचं बघू. पण एवढं कळल्याबरोबर घरात आमचं वागणं बदललं, लांबून हाका मारणं बंद, समोर खाली बसून, टीव्ही बंद करून बोलायचं.

मग मुख्य इव्हॅल्युएशन. आधी लांबलचक फॉर्म पाठवला होता घरी भरायला, शब्दांची यादी, खुणांची यादी, कोणाशी कसा खेळतो, लाळ गळते का, चावायला त्रास आहे का, वेळेआधी जन्मलेला का (तसं असेल तर दोन वर्षांपर्यंत वय त्याप्रमाणे कमी धरतात). आणि घरचे दोन-तीन छोटे व्हिडिओ आणायला सांगितले होते, ही आयडिया मला फार आवडली, कारण मूल नवीन जागी गप्प बसलं तरी घरचं खरं बोलणं त्यांना दिसतं.

खोलीत सतरंजी, थोडीच खेळणी, त्या स्वतः खाली बसलेल्या. पहिली बरीच मिनिटं त्या त्याच्याशी बोलल्याच नाहीत, माझ्याशी गप्पा मारत होत्या आणि एक गाडी पुढे-मागे करत होत्या, तो हळूहळू सरकत तिकडे गेला. मग त्यांनी साबणाच्या फुग्यांची बाटली काढली, दोन-चार फुगे सोडले, तो खूश, आणि झाकण घट्ट लावून बाटली त्याच्याच हातात दिली. आणि गप्प. मला इतकं सुटत होतं की "बोल ना, दे म्हण", त्यांनी हाताने मला थांबवलं. त्याने झाकण ओढलं, दातांनी बघितलं, माझ्याकडे आणून देणार तेवढ्यात वळला, बाटली त्यांच्या हातावर ठेवली आणि त्यांच्या हाताकडेच बघत राहिला. त्या अजून थांबल्या. मग त्याने वर बघितलं, थेट डोळ्यांत, आणि "फू" म्हणाला. "फू! फू करू!" म्हणत त्यांनी लगेच फुगे सोडले. या अर्ध्या मिनिटात त्यांनी काय काय टिपलं होतं ते नंतर समजावलं: मदत मागायची कळते, आधी वस्तूवर नजर मग माणसावर, थांबलं तर आवाज येतो, ओठ गोल होतात. फ्लॅशकार्ड दाखवून यातलं एकही कळलं नसतं.

त्यांनी आम्हा दोघांना खेळायला सांगून लांबूनही बघितलं. चित्रं दाखवून "पाय कुठाय", "झोपलेलं बाळ कुठंय" असं हात न हलवता विचारलं. तोंडाच्या आत, जीभ, टाळू बघितलं, तेही खेळात, आ करून जीभ बाहेर काढायचा खेळ.

रिपोर्ट लेखी आणि सविस्तर मिळाला. कळणं वयाच्या आसपास, खालच्या बाजूला. बोलणं मागे. स्कोअरबद्दल एक सांगते कारण बघून धस्स होतं: अशा बऱ्याच टेस्टमध्ये १०० ही सरासरी असते आणि साधारण ८५ ते ११५ मध्ये बहुतेक मुलं येतात, म्हणजे हे शंभरपैकी मार्क नाहीत आणि ८८ म्हणजे नापास-पास काही नाही. हे त्यांनी कागदावर काढून दाखवलं. सल्ला असा, की कानाचं चालू असताना लगेच दर आठवड्याला मुलाची थेरपी नको, आम्हाला काही सेशन, त्यात घरी कसं बोलायचं ते शिकवणार, आणि कानाच्या टेस्टसोबतच परत मोजणार. उशिरा बोलणाऱ्यांपैकी बरीच मुलं पुढे बरोबरीला येतात हेही सांगितलं, पण कोणतं मूल येईल हे आधी कुणी खात्रीने सांगू शकत नाही, म्हणून तारीख ठरवून वाट बघायची, नुसती वाट बघायची नाही.

सेशनमध्ये शिकलेलं एक लगेच चालतं असं: प्रश्न कमी करा. "हे काय? हा कोणता रंग?" बंद, त्याऐवजी तो जे करतोय ते एक-दोन शब्दांत म्हणायचं, "गाडी पडली", आणि मनातल्या मनात पाच आकडे मोजत थांबायचं. थांबणं फार अवघड जातं. पण त्या थांबण्यात त्याचा आवाज येतो.

न आवडलेलं पण लिहिते. वेटिंग खूप होतं, म्हणून शंका आली तेव्हाच नंबर लावून ठेवा, मधल्या काळात बोलायला लागला तर रद्द करता येतं. रिपोर्टची भाषा जड होती, समजावून सांगितलं म्हणून ठीक, नुसता हातात पडला असता तर कळला नसता. आणि वेळ दिली ती नेमकी त्याच्या दुपारच्या झोपेची, शेवटी रडारड झाली, तर अपॉइंटमेंट घेतानाच मुलाची झोपेची वेळ सांगा, ऐकतात ते.

कुणी थांबू नये हे मात्र नीट वाचा. येत असलेले शब्द किंवा खुणा गेल्या, वय काहीही असो, लगेच डॉक्टरांकडे. वर्षाचं मूल बडबडत नाही, टाटा नाही, कुठलीच खूण नाही. हाक मारली तर बघत नाही, तेव्हा कान तर तपासाच, आणि मुलांच्या डॉक्टरांकडे एम-चॅट नावाची २० प्रश्नांची यादी असते, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, ती भरून घ्या, ती फक्त चाळणी आहे, तिच्यावरून ऑटिझमचं निदान होत नाही म्हणून भरायला घाबरू नका. तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं बाहेरच्यांना बहुतेक वेळा कळायला हवं, "काका" ला "ताता" म्हणणं लहानपणी चालतं पण साडेतीन-चारला तसंच राहिलं तर दाखवा, "र" उशिरा येतो त्याची एवढी घाई नको. अडखळणं दोन ते पाच वर्षांत बऱ्याच मुलांत येतं आणि पुष्कळांचं जातं, पण चेहरा ताणला जात असेल, आवाज अडकून बसत असेल, घरात कुणाला असेल किंवा सहा महिने होऊन गेले असतील तर घेऊन जा.

माझ्याकडून दुसऱ्या ठिकाणाला पाचपैकी साडेचार, अर्धा वेटिंगसाठी कापला. पहिल्या ठिकाणाला एकही देणार नाही. जाताना कानाचा रिपोर्ट, घरचे व्हिडिओ, शब्दांची यादी आणि त्याचं एक आवडतं खेळणं न्या, आणि फोनवरच विचारून ठेवा: तपासणी किती वेळ चालते, आई-बाबा आत बसू शकतात का, लेखी रिपोर्ट मिळतो का. यातल्या एकाही प्रश्नाला टाळाटाळ झाली तर दुसरीकडे फोन लावा.